जीजी, यंदा कुंड्या कोणत्या घ्यायच्या?

जीजी, काल मी इथे भोपाळच्या बाजारात कुंड्यांच्या ढिगापुढे पाऊण तास उभी होते. दुकानदारानं दोनदा विचारलं, "बहनजी, लेना है या सिर्फ देखना है?" मला त्याचा राग आला नाही. त्याला काय सांगणार, की आजवर एकटीनं कुंड्या मी एकदाच निवडल्या, आणि त्या निवडीनं काय घोळ झाला ते! शेवटी काही न घेताच परत आले. दारात ह्यांनी विचारलं, "रिकाम्या हातानं?" मी म्हटलं, "जीजी नव्हत्या बरोबर." बोलून गेले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले. तेराव्याला मी थाटीपूरला येऊन गेले, त्याबद्दल शेवटी सांगते. आधी जरा भांडून घेऊ दे. तुमच्याशी बोलायचं म्हणजे भांडणानंच सुरुवात करायची, हे तुम्हीच लावलेलं वळण आहे.

संस्थान विलीन झालं नसतं तर तुमची-माझी गाठ पडलीच नसती. तुम्ही शिलेदारांच्या घरातल्या, आम्ही दप्तरातले कारकून. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तुमची गल्ली वेगळी, आमची वेगळी, हळदीकुंकवाच्या बैठकासुद्धा वेगळ्या. मग मध्य भारत राज्य झालं. तुमच्या ह्यांची, सुभेदारांची, पलटण मोडली आणि त्यांना एका सरकारी गोदामावर बसवलं. ह्यांचं मोडी दप्तर बासनांत बांधून ठेवलं आणि हिंदी फायलींच्या खोलीत, वयानं दहा वर्षं लहान असलेल्या माणसाच्या हाताखाली, ह्यांना खुर्ची मिळाली. थाटीपूरला एकमेकांना लागून दोन क्वार्टर, ओसरी एकच, मध्ये कमरेइतकी भिंत. मी सामान लावायच्या ऐवजी ट्रंकेवर बसून रडत होते. तुम्ही भिंतीवरून डोकावलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "रडायला सारी दुपार पडली आहे. आधी ह्या बेलीला पाणी दे, रस्त्यात सुकली बिचारी."

बेल म्हणजे माझा मनीप्लांट. मी त्याला एका फुटक्या बरणीतून आणलं होतं. तुम्ही ती बरणी बघून जे नाक मुरडलंत, ते मला आजही दिसतं.

त्या पहिल्या वर्षी ह्यांचं तोंड कायम उतरलेलं असायचं आणि मी त्यांच्या वाटचं सुद्धा चिडून घेत असे. तुम्ही कधी समजूत घातली नाहीत. तुमचं घर तर आमच्यापेक्षा जास्त गेलं होतं, पण तुम्ही त्याची गोष्ट काढत नव्हता. तुम्ही फक्त माझ्या हातात खुरपी दिलीत. फूलबागेतल्या माळ्याला गोड बोलून फर्नचा एक गड्डा मिळवलात, तो पदराखाली लपवून आणलात आणि म्हणालात, "हा आपल्या दोघींचा. मेला तर दोघींचं नाक कापलं जाईल." जीजी, त्या फर्ननं मला त्या वर्षी उभं केलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

हळूहळू भिंतीवर बारा कुंड्या झाल्या. सहा तुमच्या, सहा माझ्या, पण कोणती कोणाची ते आपण दोघी वर्षभरातच विसरलो. क्रोटन, कोलियस, बिगोनिया, फर्न. घरात ठेवायची, सावलीतली झाडं. मग नवाच व्याप सुरू झाला. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला! कारकुनाचं बिऱ्हाड पाठीवर. चैत्र संपता संपता आम्ही ट्रंका बांधून इंदूरला जायचो, आणि पाऊस ओसरला, मुरारच्या नदीकाठी कांसाचं पांढरं गवत फुललं, की परत यायचो. मधले सहा महिने माझी झाडं तुमच्याकडे. परत आले की तुम्ही माझी चौकशी करायच्या आधी झाडांची हजेरी घ्यायला लावायच्या. एखादं मेलं असलं तर तुम्ही त्याची कुंडी तशीच रिकामी ठेवायच्या, कारण लपवाछपवी तुम्हाला जमत नव्हती.

म्हणून शरद म्हणजे माझ्यासाठी परत येणं. घट बसायच्या आत नव्या कुंड्या घ्यायच्या, जुन्यांतली झाडं त्यांत हलवायची, आणि नवमीला त्या मांडून त्यांची पूजा करायची. हे तुमच्या घरचं. खंडेनवमीला तुमच्याकडे शस्त्रं पूजायची रीत. पण आता पाटावर एकच तलवार उरलेली. पहिल्या वर्षी तुम्ही तिच्या शेजारी खुरपी ठेवलीत, झारी ठेवलीत, आणि होत्या तेवढ्या कुंड्यांना कुंकवाचं बोट लावलंत. सुभेदार मिशीत हसले. तुम्ही म्हणालात, "हसता काय? ज्यानं हात चालतात ते शस्त्र." मी माझी दऊत-लेखणी उचलून तुमच्याच पाटावर आणून ठेवली. तेव्हापासून दोन घरांची नवमी एकच झाली.

आणि कुंड्या निवडणं! मोती कुम्हार हातगाडी घेऊन यायचा आणि तुम्ही त्याचा जीव नकोसा करायच्या. तुमचे वडील घोडा पारखायचे म्हणे, तशा तुम्ही कुंडी पारखायच्या. बोटाच्या पेरानं टकटक करायचं, आवाज बद्द आला की कच्ची. ओला तळवा बाहेरून लावायचा, पाणी झटकन प्यायली की चांगली भाजलेली. शेवटी कुंडी उचलून तळाच्या भोकातून सूर्याकडे एक डोळा लावून बघायचं. मोती म्हणायचा, "जीजी, गमला है, दूरबीन नहीं है." तुम्ही म्हणायच्या, "चुप रह. ज्याचा तळ बंद त्याच्यात काय उगणार?"

मग रंग. तिथे आपलं सालाबादचं भांडण. इंदूरला एका दुकानात मी विलायती कॅलेंडर बघितलं होतं. झाडं लालभडक, नारिंगी, तपकिरी, खाली पानांचा सडा. मला तसंच हवं होतं. कुंडीला गेरू, त्यावर पिवळ्या पिवडीची आणि गडद कावेची गळती पानं. किती छान दिसलं असतं! तुम्हाला ते ऐकूनच कापरं भरायचं.

"आपल्याकडे क्वारात, आश्विनात, पत्ते कुठे गळतात गं? फागुनात गळतात. क्वारात तर सगळं भरलेलं असतं."

"पण दिसायला छान दिसतं ना, जीजी."

"विलायतेत झाड उघडं झालं म्हणून मी माझ्या गमल्यावर उघडं झाड काढू? मला तर बाई नाही पसंत."

तुमचा शरद म्हणजे चुन्यात चिमूटभर नीळ घालून केलेलं आभाळ, त्यावर कांसाचे पांढरे तुरे. किंवा हरसिंगार, म्हणजे आमचा प्राजक्त, पांढरी पाकळी आणि नारिंगी देठ, बस्स. फार तर बाजरीचं कणीस. मी म्हणायची, हे तर रांगोळीसारखं झालं. तुम्ही म्हणायच्या, मग काय बिघडलं? मोती बिचारा चुन्याची वाटी घेऊन मध्ये उभा. एकदा त्यानं विचारलं, "बहनजी, पत्ता हरा बनाऊँ कि सूखा? दोनों तय कर लो, मैं तब तक चाय पी आऊँ." सहा शरद असे गेले. दर वर्षी तुम्ही जिंकायच्या आणि दर वर्षी एक कुंडी मी मोतीला गुपचूप सांगून पानगळीची करून घ्यायची. तुम्ही ती भिंतीच्या अगदी टोकाला, क्रोटनच्या मागे ठेवायच्या. पण तिला पाणी कधी चुकवलं नाहीत.

मग तो शेवटचा शरद आला.

राज्यांची नवी वाटणी झाली, राजधानी भोपाळला जाणार हे सगळ्या लष्कराला ठाऊक होतं. तरी मला वाटायचं, आपल्याला काय, कोणीतरी इथे मागे राहीलच. दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी ह्यांच्या हातात हुकूम पडला. या वेळी सहा महिन्यांचं नव्हे, कायमचं जायचं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. रोज सकाळी भिंतीपाशी येत होते, फर्नची जुनी पानं काढत होते, तुमच्या हातचा चहा पीत होते, आणि सांगत नव्हते. उद्या सांगू, उद्या सांगू. तुम्ही मोती कधी येतोय याची वाट बघत होता.

आणि मी काय केलं? एकटी नया बाजारात गेले आणि चार चिनी मातीच्या कुंड्या घेऊन आले. जाडजूड, चकाकणाऱ्या, तपकिरी अंगावर नारिंगी पानं गळताना काढलेली. मातीच्या कुंड्या ट्रकमधून भोपाळपर्यंत टिकल्या नसत्या, एवढाच विचार. आणि खोटं कशाला बोलू, मनासारखा रंग मिळाला याचा थोडा आनंदही होता. घरी येऊन फर्न, बिगोनिया, एक कोलियस आणि मनीप्लांट त्यांत हलवले आणि भिंतीवर ठेवले.

तुम्ही बाहेर आलात. हात पुसत होता. कुंड्यांकडे बघितलंत. एकही उचलली नाहीत, टकटक केलं नाहीत, बोट लावलं नाहीत. नुसत्या बघत राहिलात आणि म्हणालात, "हे इथे ठेवायचे गमले नाहीत."

मी हाताची माती पदराला पुसली.

"केव्हा जाणार?"

"दिवाळीच्या आधी."

"मला गमल्यांकडून कळायचं होतं हे?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की जीजी, तोंडातून शब्द निघत नव्हता. पण चोरी पकडली गेली की माझी जीभ तिखट होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "दर वर्षी तुमच्याच मनासारखं झालं. घोडे गेले, पलटण गेली, हुकूम चालवायला आता ह्या कुंड्याच उरल्या आहेत, म्हणून मी गप्प बसायची."

हे मी म्हणाले. तुम्हाला. जिनं मला खुरपी दिली तिला.

तुम्ही भिंतीवरची खुरपी उचललीत आणि आत गेलात. आत सुभेदार होते, त्यांनीही ऐकलं असणार. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "कुसुम, हे बरं नाही केलंस." एरवी माझ्यापुढे शब्द न काढणारा माणूस. त्या नवमीला दोन घरांत दोन पाट मांडले गेले. कोजागिरीला दूधही दोन चुलींवर आटलं.

सोळा दिवसांचा अबोला. त्या सोळा दिवसांत आपण दोघींनी जी चूक केली तशी शहाण्या बायका करणार नाहीत. मला वाटलं, जीजी रागावल्या आहेत, माझ्या कुंड्यांना कशाला पाणी घालतील? म्हणून मी सकाळी, तुम्ही देवपूजेला बसलात की, घालायची. तुम्हाला वाटलं, कुसुम बांधाबांधीत आहे, हिला झाडं कुठली आठवायला? म्हणून तुम्ही दुपारी, माझा डोळा लागला की, घालायच्या. फर्नची पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं, तहानलं आहे. मी एक लोटा वाढवला. तुम्हीही वाढवला असणार. आणि कुंड्यांना भोकंच नव्हती, जीजी! सहा वर्षं तुम्ही प्रत्येक कुंडी उचलून सूर्याकडे बघितलंत आणि त्या चार कुंड्यांना मी घेताना उलटं केलं नाही, तुम्ही रागानं हात लावला नाहीत.

निघायच्या दिवशी ह्यांनी फर्नची कुंडी उचलली आणि आत डुबुक वाजलं. तिरकी केली तर काळं पाणी ह्यांच्या धोतरावर सांडलं, असला वास की ट्रकवाला लांब सरकला. मुळं हातात आली ती मऊ, भातासारखी. बिगोनिया गेलेला, कोलियस गेलेला. मनीप्लांट तेवढा पाण्यातही मजेत होता, निलाजरा. मी हातात लोटा घेऊन उभी, कारण जाण्याआधी शेवटचं पाणी घालायला आले होते. तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात. तुमच्याही हातात भरलेला लोटा.

आपण एकमेकींच्या लोट्याकडे बघितलं. जीजी, तुमच्या ओठाचा कोपरा हलला होता. मी बघितलं. अजून एक घटका मिळाली असती तर आपण दोघी त्या काळ्या पाण्यात बसून हसलो असतो, आणि हसता हसता मी चूक कबूल करून टाकली असती. पण ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, "बाबूजी, झाँसी से पहले अँधेरा हो जाएगा." तुमच्या ओठाचा तो कोपरा पुन्हा सरळ झाला. तुम्ही लोटा तुमच्या बाजूच्या क्रोटनला ओतलात आणि आत गेलात. मी ट्रकमध्ये चढले.

वर्षभर पत्रं लिहिली. तुम्हाला वाचायला जड जायचं, म्हणजे पत्र सुभेदार वाचून दाखवणार. आणि ते माफीचं वाक्य सुभेदारांच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं? ज्या माणसाची पलटण मी काढली होती, त्याच्याच तोंडून? हात धजावला नाही. म्हणून इथलं तळं, इथली माशांची बाजारपेठ, ह्यांचा नवा साहेब, असलं सगळं लिहीत राहिले. इथे शरदात एकही पान गळालं नाही, तेही बघितलं, पण ते मी मुद्दाम कळवलं नाही. तुमचं उत्तर सुभेदारांच्या वळणदार अक्षरात यायचं, चार ओळींचं कार्ड. एकदा शेवटी लिहिलं होतं, "कुंड्यांना भोके पाडून घ्यावीत, असे ही सांगते. लोहाराकडे न जाता गवंड्याकडे जावे." मी ते कार्ड वाचून हसले आणि हसता हसता रडले. वाटलं, जीजींचा राग उतरला. या दसऱ्याला जाऊ, समोर बसून सांगू. पुन्हा उद्या सांगू.

भादव्यातल्या तापानं पाच दिवसांत तुम्हाला नेलं. तार आली तेव्हा तुम्ही आधीच गेला होता.

तेराव्याला आले. घर माणसांनी भरलेलं होतं. तुमच्या माहेरची मंडळी, सुभेदारांचे जुने सोबती. मी कोण, शेजारीण. जेवणं झाली, माणसं पांगली. सुभेदार ओसरीवर एकटे बसले होते, मी भिंतीच्या अलीकडे, माझ्या जुन्या जागी जाऊन उभी राहिले. आता तिथे दुसरं बिऱ्हाड आहे, पण बाई चांगली आहे, उभं राहू दिलं. सुभेदारांशी मी आयुष्यात दहा वाक्यं बोलले नसेन. मी म्हटलं, "माझ्यावर रागावून गेल्या जीजी."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "राग तर त्याच रात्री गेला होता तिचा. मी म्हटलं, मग बोल ना तिच्याशी. तर म्हणाली, नको, रागात जाऊ दे तिला. मी बोलले तर ती रडेल, ट्रकवर चढणारच नाही, आणि नव्या गावी रडक्या तोंडानं जाणं बरं नाही. रागात माणूस ताठ जातं."

ऐकलंत, जीजी? म्हणजे सोळा दिवस तुम्ही तो अबोला माझ्यासाठी धरून बसला होता! तुमच्यासारखी बाई मी बघितली नाही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं शहाणपण करायला? सगळं आयुष्य माणसं आणि घोडे पारखणाऱ्या घरात काढलंत आणि मला एवढंही ओळखलं नाहीत? मी ताठ गेले नाही. झाँसीपर्यंत रडत गेले, झाँसीच्या पुढेही रडत गेले. आमचे हे ट्रकवाल्याला सांगत होते, हिच्या डोळ्यांत धूळ गेली. तुम्ही एक शब्द बोलला असतात तरी मी गेलेच असते, नोकरी होती, जावंच लागलं असतं. पण एवढं ओझं घेऊन गेले नसते. हे भांडण तुम्ही हरलात, जीजी. पहिल्यांदाच हरलात, आणि कबूल करायला तुम्ही नाही.

मी रडायला लागले ते बघून सुभेदार उठले. मला वाटलं आत जातील. ते गेले नाहीत. भिंतीशी येऊन उभे राहिले, कुंड्यांच्या पलीकडे, आणि म्हणाले, "तुला जे बोलायचं आहे ते बोलून टाक. मी ऐकलं तर हरकत नाही. तेव्हाही ऐकलंच होतं."

मी पदरानं तोंड पुसलं. ओसरीवर तुमची बसायची जागा रिकामी होती, तिकडे बघून मी हळूच म्हणाले, "जीजी, माझं चुकलं."

सुभेदार मग म्हणाले, "जरा जोरानं म्हण, बेटा. हिला गेल्या काही महिन्यांत कमी ऐकू यायला लागलं होतं."

हे मला कोणत्याच कार्डात कोणी कळवलं नव्हतं. मी पुन्हा म्हणाले, इतक्या मोठ्यानं, की समोरच्या क्वार्टरमधली बाई हातातलं काम टाकून बाहेर आली.